नऊ ते पंधरा एप्रिल

"नऊ बेचाळीस, नऊ चव्वेचाळीस, नऊ सेहेचाळीस, नऊ अठ्ठेचाळीस…" शाहेदा मुद्रित वाचत होती आणि मी लेखकाच्या मूळ प्रतीवर एकेका आकड्याखाली पेन्सिलीचं टिंब देत होतो.

आमच्या 'भूमिजल' त्रैमासिकात तक्ते तपासायची हीच रीत होती. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं ताडून बघायचं. डोळ्याला जे दिसावंसं वाटतं तेच दिसतं. कानाला तसं फसवता येत नाही. टाळकऱ्याच्या कानाला तर नाहीच, आणि मी वयाच्या नवव्या वर्षापासून टाळकरी.

"…नऊ पन्नास, नऊ बावन्न, नऊ चोपन्न. सर, मी तक्ता वाचतेय का पाढे म्हणतेय?"

"पुढची विहीर वाच."

"अकरा तेरा, अकरा सोळा, अकरा एकोणीस, अकरा बावीस… बघा, हा तिनाचा. यांच्या विहिरी शाळेत जातात काय, सर?"

मी हसलो नाही. माझी पेन्सिल तिथंच थांबली.

"तिसरी विहीर परत दोनानं उतरत असेल," मी म्हणालो, "आणि चौथी चारानं."

शाहेदानं मुद्रितावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडं बघितलं. "बरोबर. पण तुम्ही पान तर उलटलंच नाही अजून."

"चहा सांग," मी म्हणालो.

ही दोन हजार अकराच्या मार्चमधली गोष्ट. परभणीत एका कॉलेजनं दिलेल्या खोलीत आमचं कार्यालय होतं. एक संगणक, दोन कपाटं, एक कुरकुरणारा पंखा. अंकाची जुळणी शाहेदा करायची. मी भूगोलाचा प्राध्यापक, आणि मानधनाशिवायचा कार्यकारी संपादक. मलपृष्ठावर लेखकांसाठी जी नियमावली छापायचो ती माझ्याच हातची: दुसऱ्याचं लेखन आपलं म्हणून देऊ नये, नोंदी बनवू नयेत, अप्रकाशित लेखांबाबत संपादकांनी गुप्तता पाळावी, अशी अकरा कलमं. ती कुणी वाचत असेल असं मला कधी वाटलं नाही.

समोरचा लेख होता डॉ. शशिकांत वट्टमवार यांचा. विहिरीच्या काठापासून पाणी किती मीटर खाली आहे ते त्यांनी म्हणे वर्षभर रोज पहाटे मोजलं होतं. त्यातले नमुन्यादाखल चार विहिरींचे सात दिवस तक्त्यात दिले होते. नऊ ते पंधरा एप्रिल, दोन हजार नऊ. पुढच्याच आठवड्यात वट्टमवारांची प्राचार्यपदाची मुलाखत होती, आणि त्यासाठी त्यांना छापलेला लेख हवा होता. अंक शुक्रवारी छापखान्यात जायचा होता. आज सोमवार.

संध्याकाळी घरी आल्या आल्या मी माझा प्रबंध काढला. एकोणीसशे शहाण्णवचा. पान एकशे त्रेचाळीस. नऊ ते पंधरा एप्रिल, एकोणीसशे पंचाण्णव. आठ पूर्णांक शून्य दोन, आठ शून्य चार, आठ शून्य सहा. दुसरी विहीर तिनानं, तिसरी दोनानं, चौथी चारानं. वट्टमवारांनी एवढंच केलं होतं की प्रत्येक आकड्यात एक मीटर चाळीस सेंटिमीटर मिळवले होते. चौदा वर्षांत पाणी खोल गेलं, असं दिसावं म्हणून.

आणखी एक गोष्ट मला त्या क्षणी कळली, ती मी कुणालाही सांगू शकत नव्हतो. म्हणून जेवताना गप्प होतो.

"काय झालं हो?" कुमुदनं विचारलं.

"काही नाही. एक लेख आहे."

"लेख असला की तुम्ही बडबडता. गप्प बसलात म्हणजे दुसरंच काहीतरी आहे," ती म्हणाली आणि पोळी वाढली.

मंगळवारी सकाळी मी मुख्य संपादकांकडं गेलो. प्राचार्य देऊळगावकर सर. वय चौऱ्याहत्तर. माझे शिक्षक, माझ्या प्रबंधाचे मार्गदर्शक. ओसरीवर काढा पीत बसले होते. मी प्रबंध आणि मुद्रित त्यांच्यापुढं शेजारी शेजारी ठेवलं.

त्यांनी चष्मा वर करून दोन्ही तक्ते बघितले. बराच वेळ बघितले. मग म्हणाले, "वा!"

"सर, वा काय? चोरी आहे ही."

"अरे त्र्यंबक, चोरी कसली? तूच लिहिलंयस ना, चैत्रात विहिरींचा उतार एकसमान असतो म्हणून? मी पाठ म्हणून दाखवतो तुझं ते वाक्य. मग त्याच्याही विहिरी तशाच उतरल्या. तुझ्या निष्कर्षाला चौदा वर्षांनी पुष्टी मिळाली. तू पेढे वाटायला पाहिजेस, तर तू फिर्याद घेऊन आलायस!"

"पण एक मीटर चाळीसचा फरक, सर. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस आकड्यांत तोच. निसर्गात असं होत नाही."

"का होत नाही? विहिरी त्याच, जमीन तीच, काळा दगड तोच. दोन परीक्षकांनी लेख मान्य केलाय."

परीक्षकांचे अभिप्राय मी वाचले होते. पहिल्यानं लिहिलं होतं, 'उत्तम व मोलाची भर.' दुसऱ्यानं लिहिलं होतं, 'मोलाची व उत्तम भर.' दोघांनीही लेख चार दिवसांत परत केला होता.

"आणि त्यानं हमीपत्र दिलंय," सर म्हणाले. "लेख स्वतंत्र आहे म्हणून सही केलीय. आपली जबाबदारी संपली."

"चोर सही करून चोरी करत असेल तर जबाबदारी संपते?"

"आवाज खाली." त्यांनी काढ्याची वाटी खाली ठेवली. "तुझ्याकडं दुसरा पुरावा आहे? ठोस? म्हणजे असं काही, की हे आकडे दुसरीकडून येऊच शकत नाहीत?"

होता. माझ्याकडं जगातला सगळ्यात ठोस पुरावा होता.

"नाही," मी म्हणालो.

"मग उद्या वट्टमवारांना बोलवू. समोरासमोर विचार. पण नीट बोल. उद्या तो प्राचार्य झाला, तर आपली खोली त्याच्याच कॉलेजात आहे, हे ध्यानात ठेव."

बुधवारी दुपारी वट्टमवार आले. पांढरा सदरा, बोटात पुष्कराज, आणि वागणं असं लोण्यासारखं की माणसानं रागवायचं कुठं ते कळू नये. आल्या आल्या माझ्या पाया पडले.

"सोनखेडकर सर, तुमच्यामुळं आम्ही या विषयात."

"माझा प्रबंध वाचला असेल मग तुम्ही."

"कुठं मिळतो, सर? ऐकलंय फार. पाहिलेला मात्र नाही. आईशपथ." त्यांनी गळ्याला हात लावला.

"क्षेत्रवही बघू तुमची. विहिरीवर उभं राहून नोंदी केलेली."

"भिजली की हो. गेल्या पावसाळ्यात घराचं छत गळलं. त्याच्या आधी आकडे संगणकावर चढवले होते, म्हणून वाचलं सगळं. देवाची कृपा."

"देवाला कशाला मध्ये आणता?"

"त्र्यंबक," देऊळगावकर सरांनी दटावलं.

वट्टमवार हसले. रागाचा लवलेश नाही. "असू द्या, सर. वडीलधारे आहेत. मी म्हणतो, सोनखेडकर सरांनीच त्यांची वही आणावी. पंचाण्णव सालची. आपण इथं बसून आकड्याशी आकडा ताडू. दिवसादिवसाचा चढउतार माझ्यासारखाच निघाला तर मी लेख मागं घेतो, सगळ्यांसमोर. आहे ना सर वही? का तुमचंही छत गळलं?"

कोपऱ्यात शाहेदाची बोटं कळफलकावर थांबली.

सोळा वर्षांपूर्वीची वही कोण जपून ठेवतो, असा त्यांचा अंदाज. तो चुकला होता. वही माझ्या लोखंडी पेटीत होती, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. तीनशे अठ्ठावन्न दिवसांच्या नोंदी होत्या तिच्यात.

वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट.

"आणतो," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं. उद्या, गुरुवारी, त्याच वेळी बसायचं ठरलं. बाहेर पडताना वट्टमवारांनी परत नमस्कार केला. मला तो नको होता, पण माझे हात सवयीनं जोडले गेले आणि त्याचा मला घरी पोचेपर्यंत संताप येत राहिला.

पेटी उघडल्याचा आवाज ऐकून कुमुद स्वयंपाकघरातून आली. मी वही काढून पलंगावर ठेवली होती. आठ एप्रिलचं पान भरलेलं. माझं तेव्हाचं बारीक अक्षर, कडेला चिखलाचा डाग. त्यापुढची सात पानं कोरी. वर नुसत्या तारखा घातलेल्या. मग सोळा एप्रिल, परत भरलेलं.

"ही माझ्या माहेरच्या सप्ताहाची पानं," कुमुद म्हणाली.

तिला माहीत होतं. जगात दोघांनाच माहीत होतं.

पंचाण्णव साली सात गावांतल्या अकरा विहिरी मी लूनावर फिरून मोजत होतो. रोज पहाटे, मोटारी सुरू व्हायच्या आत. जानेवारीपासून एक दिवस चुकवला नव्हता. मग रामनवमी आली. कुमुदच्या माहेरी सप्ताह, आणि कीर्तनाला आसेगावकर महाराज. म्हातारे, आवाज फाटलेला, पण बोलायला लागले की बाभळीच्या झाडालाही ऐकावंसं वाटेल. एका कीर्तनासाठी म्हणून गेलो. तिथं टाळकरी कमी पडत होते. "पाव्हणे, आजचा दिवस थांबा," म्हणाले. थांबलो. पहाटे काकडा, दुपारी पारायण, संध्याकाळी कीर्तन. रोज उठून म्हणायचो, आज निघतो, आणि रोज मृदंगावर थाप पडली की पाय निघायचे नाहीत. विहिरी कुठं पळून जातात, असं स्वतःलाच सांगायचो. हनुमान जयंतीला काल्याचा प्रसाद घेतला तेव्हा सात दिवस झाले होते.

सोळा तारखेला पहाटे विहिरी मोजल्या. आठ तारखेचा आकडा होता, सोळाचा होता. मधला फरक आठांनी भागला आणि सात दिवस भरून काढले. आकडे वहीत लिहायला हात धजेना, म्हणून ते थेट प्रबंधाच्या पक्क्या प्रतीत लिहिले. तेव्हा पाप वाटलं नाही. भागाकार बरोबर होता. 'या सात दिवसांच्या नोंदी प्रत्यक्ष घेतलेल्या नाहीत, अंदाजाने भरल्या आहेत', एवढी ओळ खाली टाकली असती तर कुणीही बोट ठेवलं नसतं. ओळ लिहायची राहून गेली असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. राहून गेली नव्हती. वर्षाची नोंद अखंड दिसावी म्हणून मी ती लिहिली नव्हती.

पुढं जे झालं ते माझ्या हातात उरलं नाही. देऊळगावकर सरांनी तक्ता बघितला आणि उठून उभे राहिले. "हे बघ! उरलेलं वर्षभर विहिरी वाकडंतिकडं नाचतायत, आणि चैत्रात बघ कशा सरळ रेषेत उतरल्या! निसर्ग किती नेमका असतो, त्र्यंबक!" त्या सात दिवसांवर त्यांनी माझ्याकडून अख्खं प्रकरण लिहून घेतलं. परीक्षकांनी नेमकं त्याचंच कौतुक केलं. सरांनी स्वतःच्या पाठ्यपुस्तकात तो आलेख घातला. तोंड उघडायची वेळ रोज येत होती आणि रोज निघून जात होती.

आणि आता वट्टमवारांनी वर्षभराच्या आकड्यांतून नमुना म्हणून निवडावेत तर तेच सात दिवस! का, तर ते सगळ्यात नीटनेटके दिसत होते. साडेतीनशे दिवस मी गुडघाभर चिखलातून गेलो, साप बघितले, एकदा विहिरीत पडता पडता वाचलो. ते खरे आकडे त्यांना गबाळे वाटले.

"उद्या सांगितलं तर चोरी सिद्ध होते," मी कुमुदला म्हणालो, "पण मग माझी पदवी, सरांचं पुस्तक, सगळंच उघडं पडतं. नाही सांगितलं तर लेख छापला जातो, आणि एक खोटं दोनदा छापलं की ते खरं होतं. उद्या एखादी पाणी समिती त्याच्यावर टँकरचं वेळापत्रक लावेल."

कुमुद वहीची कोरी पानं उलटत होती. "तुम्हाला सहावा दिवस आठवतो का?"

"कुठला?"

"महाराज चरण विसरले तो. मंडप भरलेला, अभंग रंगात आलेला, आणि मधेच थांबले. वीणेकऱ्याकडं बघितलं, त्यालाही येईना. मग त्यांनी हात जोडले. 'मायबाप, पुढचा चरण आठवत नाही. आणि मनचा घालणार नाही.' मग बायकांच्या बाजूनं आमच्या सोनाकाकूनं उठून सांगितला."

"मी तिथंच टाळ धरून उभा होतो," मी म्हणालो. "माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं."

"हो. आणि तिसऱ्या दिवशी घरी येऊन भागाकार करत बसलात." ती उठली. "मी काही सांगत नाहीये. आठवलं म्हणून बोलले. आमटीत मीठ कमी पडलंय, वरून घ्या."

गुरुवारी मी वही टेबलावर ठेवली. देऊळगावकर सर, वट्टमवार, मी. शाहेदा तिच्या जागेवर. वही बघून वट्टमवारांच्या चेहऱ्यावरचं लोणी जरा घट्ट झालं.

"नऊ एप्रिल काढा," मी म्हणालो.

सरांनी पान उलटलं. कोरं. पुढचं कोरं. त्यापुढचं कोरं. ते भराभरा उलटत गेले, परत मागं आले.

"हे काय? तारखा आहेत, आकडे नाहीत."

"नाहीतच, सर. त्या सात दिवसांत मी विहिरीवर गेलोच नाही. सासुरवाडीला सप्ताहात टाळ वाजवत होतो. प्रबंधातले आकडे मी घरी बसून भागाकारानं काढले." मी कोऱ्या पानावर बोट ठेवलं. "हे आकडे कुठल्याही विहिरीतून आलेले नाहीत. त्यामुळं दुसऱ्या कुणाला ते कुठल्याही विहिरीत सापडू शकत नाहीत. ते फक्त माझ्या प्रबंधाच्या पान एकशे त्रेचाळीसवर सापडतात. वट्टमवारांनी ते तिथूनच उचललेत."

पंखा कुरकुरत होता. वट्टमवारांनी पुष्कराज बोटात दोनदा फिरवला. मग म्हणाले, आणि याबद्दल मला आजही त्या माणसाचं नवल वाटतं, "म्हणजे सरांनी स्वतःच कबूल केलं, की त्यांचा प्रबंध बनावट आहे. लिहून घ्या, देऊळगावकर सर. आणि असला माणूस माझ्यावर आळ घेतो!"

"पण सर," कोपऱ्यातून शाहेदा म्हणाली, "यांनी घरी बसून काढलेलं तुमच्या विहिरीत कसं उतरलं?"

"तू टायपिंग कर."

"करतेच आहे. तुमचाच तक्ता आहे समोर."

देऊळगावकर सरांनी वही मिटली. "वट्टमवार, तुम्ही या आता. लेख या अंकात जात नाही. तांत्रिक कारण." वट्टमवार उठले. या वेळी नमस्कार न करता गेले.

मला वाटलं, सुटलो. पण सरांची नजर वर उचलेना.

"ती वही घरी ने," ते म्हणाले, "आणि परत पेटीत ठेव. विषय संपला. त्याचा लेख येत नाही, तुझी अब्रू जात नाही. मी काही ऐकलं नाही."

"सर, आपल्याला नोंद छापायला हवी. माझ्या प्रबंधातले सात दिवस खोटे आहेत म्हणून. आणि त्याच्या लेखाबद्दलही."

"माझ्या पुस्तकात तो आलेख आहे!" आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्यावर ओरडले. "बारा वर्षं पोरं परीक्षेत तो काढतायत. मी पंचाहत्तरीला आलोय, त्र्यंबक. तुला मोक्ष पाहिजे आणि त्याचं बिल मी भरू?"

ज्या माणसानं मला होकायंत्र धरायला शिकवलं, त्याच्या हातात मीच खोटा कागद दिला होता. तरी मी तिथून हललो नाही. शाहेदानं दोनदा पाणी आणून ठेवलं.

शेवटी ते म्हणाले, "छापतो. तुझी चूक, तुझ्या नावानं, तीन ओळी. त्याचं नाव कुठंही येणार नाही."

"चोराचं नाव झाकायचं?"

"तो लेख छापलेला नाही. न छापलेल्या लेखाबद्दल संपादकानं बोलायचं नाही. मलपृष्ठ बघ. कलम आठ. तूच लिहिलंयस."

मी मलपृष्ठ बघितलं. मीच लिहिलं होतं.

शुक्रवारी अंक छापखान्यात गेला. शेवटच्या पानावर चौकटीत तीन ओळी: 'त्र्यंबक सोनखेडकर यांच्या प्रबंधातील ९ ते १५ एप्रिल १९९५ या दिवसांच्या नोंदी प्रत्यक्ष मोजमापाच्या नसून अंदाजाने भरलेल्या आहेत, असे ते स्वतः कळवतात. त्यावर आधारलेला निष्कर्ष ग्राह्य धरू नये. चुकीबद्दल ते दिलगीर आहेत.' शाहेदानं जुळवल्या आणि रीतीप्रमाणं मोठ्यानं वाचून दाखवल्या. माझ्या प्रतीशी ताडल्या. एकही चूक निघाली नाही.

मी संपादकाचं काम सोडलं. विद्यापीठानं चौकशी केली, ताकीद दिली, पदवी ठेवली. देऊळगावकर सरांनी पाठ्यपुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीतून आलेख काढला आणि त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत, जाईपर्यंत. वट्टमवारांची त्या मुलाखतीत निवड झाली नाही, पण पुढची होतीच.

जूनमध्ये शाहेदा घरी आली. हातात दुसऱ्या गावच्या एका त्रैमासिकाचा अंक. "सर, तुमचं नाव छापून आलंय. बसून वाचा."

वट्टमवारांचा तोच लेख होता. तक्ता तेवढा गाळलेला. त्याच्या जागी बाकीच्या दिवसांचे आकडे, माझे ते चिखलातले, सापांमधले, एक मीटर चाळीस मिळवून. आणि पहिल्याच पानावर: 'या भागातील पूर्वीच्या नोंदी (सोनखेडकर, १९९६) विश्वासार्ह नसल्याचे त्यांनी स्वतःच मान्य केल्याने प्रस्तुत लेखकाने नव्याने मोजमाप केले.'

मी त्या त्रैमासिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं. तक्ते जोडले, वहीच्या झेरॉक्स जोडल्या. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. लेखकाने हमीपत्र दिले आहे, आणि ज्यांच्या नोंदी त्यांच्याच कबुलीनुसार खोट्या आहेत त्यांच्या तक्रारीचा विचार करणे उचित वाटत नाही. दिवाळीत वट्टमवार प्राचार्य झाले.

आता एकच गोष्ट करण्यासारखी उरली होती. विद्यापीठाच्या ग्रंथालयात माझा प्रबंध होता, त्यात ती तीन ओळींची चिठ्ठी लावायची. डिसेंबरात गेलो. प्रबंध बाहेर देत नाहीत. तिथंच बसून बघायचा, आणि मागच्या आतल्या पुठ्ठ्यावरच्या कागदावर तारीख घालून सही करायची. ग्रंथपाल बाईंनी कपाटातून काढून फडक्यानं पुसून दिला. मी खिशातून चिठ्ठी आणि डिंकाची बाटली काढली.

"अहो, हे काय? प्रबंधावर काही चिकटवता येत नाही."

"हा माझाच प्रबंध आहे, बाई."

"लेखकालाही नाही. नियम आहे."

"त्यात चूक आहे. चुकीची दुरुस्ती लावतोय."

"चूक असली तरी जशीच्या तशी ठेवायची. वरून लेखी आदेश आणा." मग माझ्या तोंडाकडं बघून त्या जरा मऊ झाल्या. "तुम्ही आत नुसती ठेवून जा. मी बघितलं नाही. पण आधी तिकडं सही करा."

मी मागचा पुठ्ठा उघडला. कागदाला पंचवीस रकाने होते. चोवीस रिकामे. पहिल्यात निळ्या शाईनं एकच सही होती. तारीख अकरा ऑगस्ट, दोन हजार आठ. शशिकांत वट्टमवार.

'पाहिलेला मात्र नाही. आईशपथ.'

मार्चमध्ये त्या मंगळवारी मी देऊळगावकर सरांच्या ओसरीवर न जाता इथं आलो असतो, तर हा एक कागद पुरला असता. वही पेटीतच राहिली असती. आधी राग आला. मग मनात आलं की मीही इथं पंधरा वर्षांत एकदाही आलो नव्हतो. आपलं खोटं जिथं ठेवलेलं असतं तिकडं माणूस फिरकत नाही.

"झेरॉक्स काढून देऊ का त्या पानाची?" बाईंनी विचारलं. "काही सापडलं वाटतं."

"द्या," मी म्हणालो. ती झेरॉक्स मी त्या संपादकांना पाठवली, विद्यापीठाला पाठवली. एकाचंही उत्तर आजतागायत आलेलं नाही.

पान एकशे त्रेचाळीसवर चिठ्ठी ठेवून मी प्रबंध मिटला. मग बाईंचं पेन घेतलं आणि वट्टमवारांच्या सहीखाली माझी सही केली. पंधरा वर्षांत त्या प्रबंधाला दोन वाचक मिळाले, आणि दोघांनाही त्यातलं तेच एक पान हवं होतं.